दोराला हात, हंड्याला डोळे

“दोराला हात किती ते नको बघूस रे, हंड्याला डोळे किती ते बघ!”

क्लोरिंदा आत्याचा आवाज कच्च्या सफरचंदासारखा होता. आंबट, करकरीत, आणि एकदा चावला की दिवसभर दात आंबलेले. हे वाक्य तिने टाकलं तेव्हा एर्मेलिंदो सहा वर्षांचा होता, कुंपणाच्या खांबावर बसला होता आणि त्याच्या डोळ्यांसमोरून एक पिवळं घर चाललं होतं. अख्खं. छपरासकट, धुराड्यासकट. पुढे बैलांच्या चौदा जोड्या, दोराला लोंबकळलेला सगळा गाव, आणि कडेला तीन हंड्यांत मटणाचा रस्सा रटरटत होता. पोराला वाटलं, केवढी ही माया! एका माणसाचं घर हलवायला एवढी माणसं! आत्या तिथेच बटाटे सोलत बसली होती. तिने बटाट्याबरोबर त्या मायेचंही साल काढलं.

ते साल एर्मेलिंदोच्या कानात जे अडकलं ते साठ वर्षं निघालं नाही. माणसं यकृताची काळजी करतात, जावयांची करतात. डॉन एर्मेलिंदो ओयार्सुन यांना एकच काळजी: माणूस मुळात दाता, की मुळात भुकेला? चौतीस वर्षं त्यांनी जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या ऑफिसात कारकुनी केली आणि हा प्रश्न खिडकीच्या जाळीतून न्याहाळला. बाळाची नोंद करायला येणारा बाप सोबत कोंबडी आणायचा. आता ती कोंबडी मायेची, की सहीची? डॉन एर्मेलिंदो विचार करत ती घरी घेऊन जायचे. कोंबडी शिजायची, प्रश्न तेवढा शिजायचा नाही.

असा माणूस निवृत्त झाला की त्याच्या हातून काहीतरी घडणारच. निमित्त समुद्राचं झालं.

किंचाऊको गावाचा समुद्र रागीट नाही, चिकट आहे. चिलोए बेटाच्या आतल्या अंगाला तो दिवसभर शहाण्यासारखा पडून असतो आणि कडा हातहात कुरतडत राहतो. मागच्या ऑगस्टात त्याने डॉन एर्मेलिंदोंचं खुराडं नेलं. कोंबड्या वाचल्या, कारण त्या नेमक्या त्या वेळी शेजारच्या दोन्या सुनिल्दांच्या, म्हणजे सुनिल्दाबाईंच्या, बटाट्यात उकरत होत्या. त्यावरून वेगळं भांडण झालं, ते इथे नको. पण खुराड्याच्या जागी आता हवा होती, आणि हवेपासून स्वयंपाकघराची भिंत सात पावलांवर.

“हे बघ म्हाताऱ्या,” त्यांची बायको ओदिलिया म्हणाली. लग्नाच्या तिसऱ्या वर्षापासून ती त्यांना म्हाताऱ्या म्हणत आली होती, आता कुठे ते खरं होत होतं. “हे घर माझ्या बापाने बांधलंय. एकेक फळी त्याने खांद्यावरून आणली. जूनमध्ये हिवाळा लागायच्या आत ते वर चॅपेलपाशी गेलं पाहिजे, माझ्या तिथल्या जमिनीवर. आणि ते समुद्रात गेलं, तर मी पुंता आरेनासला बहिणीकडे जाणार. कायमची. तू राहा इथे माशांच्या जन्माच्या नोंदी करत.”

ओदिलिया गंमत करत असली की कपाळाला आठ्या घालायची. या वेळी तिचं कपाळ गुळगुळीत होतं. डॉन एर्मेलिंदो घाबरले.

आता चिलोएत घर हलवायला गवंडी लागत नाही, मिंगा लागते. गावाने यायचं, बैल आणायचे, ओढायचं. ज्याचं घर त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याचं घर निघालं, कुणाची बटाट्याची काढणी आली, की आपण जायचं. इतकं हे सरळ आहे. फक्त एकच भानगड होती. चौतीस वर्षांत डॉन एर्मेलिंदो एकाही मिंगेला गेले नव्हते. शनिवारी ऑफिस असायचं आणि रविवारी पाठ दुखायची.

दुसरा कुणी असता तर खजील झाला असता. डॉन एर्मेलिंदोंना मात्र यात शास्त्र दिसलं. ते ओदिलियाला म्हणाले, “विचार कर. मी कुणाच्या दोराला कधी हात लावलेला नाही. म्हणजे माझं कुणावर काही ऋण नाही. उद्याही माझ्याकडून काही मिळण्यासारखं नाही, कारण माझी पाठ सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही माणसं आली, तर काय सिद्ध होईल?”

“की गावाला कामधंदा नाही.”

“की माणूस दाता आहे! आणि नाही आली, तर आत्या खरी. अगं, या प्रयोगाला माझ्याइतका शुद्ध नमुना बेटावर दुसरा सापडणार नाही.”

“नमुना आहेस हे खरंय,” ओदिलिया म्हणाली. “बरं, मागायला कधी निघतोस?”

इथे खरी गाठ होती. मिंगेसाठी मागावं लागतं. दारोदार जायचं, टोपी काढून हातात धरायची आणि तोंडाने म्हणायचं, शेजारी, मला गरज आहे, याल का? आणि असं कुणी दारात येऊन म्हटलं की किंचाऊकोत आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. तापाने फणफणलेला माणूसही म्हणतो, येतो, आणि घोंगडी पांघरून येतो.

“पण मग ती माया कसली?” डॉन एर्मेलिंदो खोलीत फेऱ्या मारत म्हणाले. “ती भीड झाली! तोंडावर मागितलं की माणूस अडकतो. मला न अडकलेली माणसं हवीत. मी कुणाच्या दारात जाणार नाही. मी परिपत्रक काढणार.”

“काय काढणार?”

“आणि जेवण नाही ठेवणार. हंडाच नसला की डोळे कुठे जातील? जो उरेल तो निखळ.”

ओदिलियाने कोपऱ्यातली पेंढी उचलली. मग ती बाहेर जाऊन मेंढीला गवत घालून आली. बायको काही बोलत नाही तेव्हा ती हरलेली नसते, हे डॉन एर्मेलिंदोंना चौतीस वर्षांच्या विवाहनोंदणीतून कळायला हवं होतं.

परिपत्रक टाइपरायटरवर निघालं. एक प्रत दुकानात, एक धक्क्यावर, एक चॅपेलच्या दारावर.

“सर्व संबंधितांस कळविण्यात येते की खाली सही करणार यांचे राहते घर शनिवार दिनांक अठ्ठावीस एप्रिल रोजी सकाळी सात वाजता चॅपेलनजीक हलविण्यात येईल. इच्छुकांनी उपस्थित राहावे. उपस्थिती पूर्णतः ऐच्छिक आहे. भोजनाची व्यवस्था नाही. उपस्थितांनी आपल्या येण्याचे कारण सोबतच्या नमुन्यात थोडक्यात लिहावे.”

खाली सही. आणि सहीवर, केवळ सवयीने, एक शिक्का.

त्या दिवसापासून डॉन एर्मेलिंदोंच्या घरासमोर वर्दळ सुरू झाली. सल्ल्यांची. सुताराने घराखाली दोन लांबलचक ओंडके सरकवायला घेतले, त्यावर घर घसरत जायचं होतं, तर कुंपणावर रोज सहाजण.

“सायप्रसचा ओंडका घ्यायला हवा होता.”

“चंद्र मोठा होत असताना घर उचलू नये. घर मग जागा धरत नाही, रात्रीचं कुरकुरतं.”

“धुराडं काढून घ्या हो! माझ्या मेव्हण्याने ठेवलं तर ते वाटेत सुनेच्या अंगावर पडलं.”

“सून वाचली?”

“वाचली. म्हणूनच म्हणतो, काही उपयोग नाही धुराड्याचा.”

सल्ले असे पावसासारखे पडत होते, पण ‘मी येतो’ एवढे दोन शब्द काही कुणाच्या तोंडून गळेनात. परिपत्रकाबद्दल तर अवाक्षर नाही. डॉन एर्मेलिंदो सहज म्हणून दुकानात जात, सहज म्हणून परिपत्रकाशेजारी उभे राहत, सहज म्हणून खोकत. लोक मीठ घेत, काड्यापेटी घेत, आणि निघून जात.

शेवटी दोन्या सुनिल्दांनीच विषय काढला. या बाईंचे हात बटाट्याच्या मातीने कायमचे काळे आणि जीभ कायमची धुतलेली. “वाचला हो तुमचा कागद,” त्या म्हणाल्या. “छान आहे. फक्त कागदाला पाय नसतात, डॉन एर्मेलिंदो. तो दारात येत नाही, त्याला टोपी काढता येत नाही.”

“तोच तर हेतू आहे, दोन्या सुनिल्दा.”

“असं?” बाईंनी एक कोंबडी पायाने बाजूला सारली. “मग घर पण कागदावरच हलवा की.”

आणि डॉन रोसामेल. गावातले सगळ्यात मोठे बैल त्यांचे, मिंगेत पहिली जोडी त्यांची, हाक त्यांची. सत्तरीचा दांडगा माणूस, बोलणं असं तोलून की जणू प्रत्येक शब्द त्याला स्वतःला ओढत आणावा लागतो. ते परिपत्रकासमोर पाच मिनिटं उभे राहिले. डॉन एर्मेलिंदो श्वास धरून मागे.

“अक्षर चांगलंय,” डॉन रोसामेल म्हणाले.

“टाइप केलेलं आहे.”

“तरी.” आणि ते बैलांना पाणी दाखवायला गेले.

याच सुमारास परवानगीचं निघालं. रस्ता ओलांडायचा म्हणजे परवानगी हवी. डॉन एर्मेलिंदो बोटीत बसून तालुक्याच्या गावी गेले.

“काय न्यायचंय?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

“घर.”

“घरातलं सामान का?”

“नाही. घर.”

बाईंनी पुस्तक चाळलं. “घर जागेवर असेल तर बांधकाम खातं. हललं की वाहतूक. पलीकडच्या खिडकीत जा.”

पलीकडच्या खिडकीतही त्याच बाई आल्या, फक्त चष्मा बदलून. “वाहनाचा प्रकार?”

“लाकडी. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर.”

“मागचा दिवा?”

“स्वयंपाकघरात एक आहे. ते मागेच आहे.”

“चालक?”

दुसरा कुणी असता तर भडकला असता. डॉन एर्मेलिंदोंचे डोळे भरून आले. केवढी ही निष्ठा! जगात घर चालतं की नाही याची पर्वा न करता रकाना भरून घेणारी! चौतीस वर्षं आपण जाळीच्या ज्या बाजूला बसलो, ती बाहेरून एवढी सुंदर दिसते, हे त्यांना आज कळलं. “चालक,” ते ताठ होत म्हणाले, “एर्मेलिंदो ओयार्सुन.”

“वाहन चालू असताना चालकाने वाहनातच बसायचं,” बाई म्हणाल्या. “खाली बारीक अक्षरात आहे.”

परतीच्या बोटीत त्यांना थोडी भीती वाटली. माणुसकीवर सगळा भार टाकणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी धक्क्यावरच नोल्बेर्तो नावाच्या एका ट्रॅक्टरवाल्याला ठरवून टाकलं. शनिवार, बारा वाजेपर्यंत, रोख. तिथे मायेचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे मनाला फार शांत वाटलं.

शनिवार उजाडला. सामान आधीच वर नेलं होतं. घराचा सांगाडा डुलू नये म्हणून सुताराने दारांवर आडव्यातिडव्या फळ्या ठोकल्या होत्या आणि खिडक्यांची तावदानं काढली होती. डॉन एर्मेलिंदो कोट-टाय घालून खिडकीतून आत चढले आणि नियमाप्रमाणे वाहनात बसले. ओदिलिया बाहेर खुर्ची टाकून बसली, मांडीवर हात.

सात वाजले. कुणी नाही.

सव्वासातला एक कुत्रा आला, तोही ओळखीचा नव्हता.

आठला टेकडीवरून माणसं दिसली. एक, चार, बारा, चाळीस! डॉन एर्मेलिंदोंचं काळीज खिडकीतून बाहेर पडतं की काय! आत्या, बघ! हंडा नाही, आग नाही, तरी आले!

माणसं आली, आणि कुंपणाच्या कडेकडेने बसली. चर्चला घालायचे कपडे होते अंगावर. कुणी बाक आणलेला, कुणी फडक्यात मिल्काओ, म्हणजे बटाट्याच्या गरम पोळ्या, कुणी माते नावाच्या कडू चहाची किटली. ऐसपैस बसून ती घराकडे बघू लागली.

“आलो हो, डॉन एर्मेलिंदो!” दोन्या सुनिल्दा ओरडल्या. “कागदाप्रमाणे!”

“दोर... दोर कुठेत?”

“दोराचं कागदात नव्हतं. उपस्थित राहावे म्हटलंत, उपस्थित आहोत.”

आणि नमुने भरून आले. एक्केचाळीस. शेजाऱ्याच्या पेन्सिलीने, एकमेकांच्या पाठीवर ठेवून लिहिलेले. डॉन एर्मेलिंदो खिडकीत उभे राहून एकेक वाचू लागले. येण्याचे कारण: बघायला. येण्याचे कारण: बघायला. एकाने ‘बायको बघायला आली म्हणून’ असं वेगळं लिहिलं होतं, तेवढीच विविधता. त्यांना फार लागलं. पण लागता लागता त्यांच्यातला शोधक उठून बसला: अरेच्चा! म्हणजे माणूस दाताही नाही आणि भुकेलाही नाही, तो नुसता चौकस आहे? हे आत्यालाही सुचलं नव्हतं. ते खिशात पेन शोधू लागले, तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

घर हललं.

घर पहिल्यांदा हलतं तेव्हा एक आवाज होतो. झोपलेल्या म्हातारीला कुणी उठवावं आणि तिने “आई गं” म्हणावं, तसा. पन्नास वर्षांची धूळ तुळयांवरून झरली. ओदिलियाच्या बापाने जिथे जिथे खिळा मारला होता तिथे तिथे घराने एकेक शब्द उच्चारला. समुद्र मागे सरकू लागला. डॉन एर्मेलिंदो खिडकीत, उत्सवात मिरवल्या जाणाऱ्या संतासारखे. शेजारून गाव चाललेला, बाकं उचलून, किटल्या सांभाळून.

“टाय सरळ करा, डॉन एर्मेलिंदो!”

“डावीकडे घ्या, चालक!”

तीनशे पावलं घर असं डौलात गेलं. मग रस्ता आला, आणि रस्त्यालगतची ती दलदल, जिला गावात ‘सासूचं मन’ म्हणतात, कारण वरून हिरवी आणि आत तळ नाही. डावा ओंडका त्यात गेला. घर कललं. नोल्बेर्तोने जोर लावला, साखळी तटकन तुटली आणि डॉन एर्मेलिंदो सगळे एक्केचाळीस नमुने घेऊन स्वयंपाकघराच्या दिशेने घसरत गेले.

नोल्बेर्तोने खाली उतरून साखळी बघितली. घड्याळ बघितलं. “बारा,” तो म्हणाला, आणि गेला. बोलल्याप्रमाणे, एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही.

घर आता गावच्या एकुलत्या एका रस्त्यावर आडवं, एका कुशीवर. पलीकडे दुधाची गाडी येऊन भोंगा वाजवू लागली. तिच्यामागे पाद्रीबाबा, एका लग्नाला उशीर झालेले. आणि लोक? लोक सल्ले देत होते.

“उजवीकडून उचला!”

“कशाने उचलणार? टायने?”

डॉन एर्मेलिंदो कललेल्या खिडकीतून डोकं काढून ओरडले, “अहो, रस्ता तुमचाच अडलाय! माझ्यासाठी नको, रस्त्यासाठी ओढा! स्वतःसाठी तरी ओढा!”

एक्केचाळीसजण जागचे हलले नाहीत.

“घर कुणाचं?” दोन्या सुनिल्दांनी विचारलं.

“माझं! ओदिलियाचं! ठाऊक नाही का तुम्हाला?”

“मग मालकाने न सांगता त्याच्या घराला हात लावायला,” बाई सावकाश म्हणाल्या, “आम्ही चोर आहोत की समुद्र?”

चौतीस वर्षांत असा रकाना कुठल्या फॉर्मात आला नव्हता. आणि तेवढ्यात आतून, त्यांच्या डोक्यावर, कडाड् असा आवाज झाला.

ओदिलिया खुर्चीवरून उठून चिखलातून खिडकीपाशी आली. ओरडली नाही. “एर्मेलिंदो,” ती म्हणाली. म्हाताऱ्या नाही, एर्मेलिंदो. “माझ्या बापाची तुळई चिरतेय.”

डॉन एर्मेलिंदो खिडकीतून बाहेर पडायला निघाले. घर कललेलं, खिडकी उंच, पोट मध्ये. अर्धा कारकून बाहेर आणि अर्धा वाहनात, असे ते दोन मिनिटं लोंबकळले. गावाने सभ्यपणे आकाशाकडे पाहिलं. मग काहीतरी फाटलं, आणि ते सासूच्या मनात गुडघाभर उभे राहिले.

टोपी त्यांनी काढली. पहिली गाठ दोन्या सुनिल्दांशी.

“शेजारीण,” ते म्हणाले. टोपी छातीशी धरून परत म्हणाले. “शेजारीण. माझं घर अडकलंय. माझ्याच्याने होत नाही. याल का?”

“येते,” दोन्या सुनिल्दा म्हणाल्या आणि किटलीचं झाकण लावून उठल्या.

एवढंच! एका शब्दाचा तर प्रश्न होता. डॉन एर्मेलिंदो पुढे सरकले. शेजारी, याल का? येतो. याल का? येतो. याल का? येतो की, डॉन एर्मेलिंदो. चिखलाने भरलेले बूट, मागून फाटलेली पँट एका हाताने धरलेली, दुसऱ्या हातात टोपी. दहाव्या माणसापर्यंत लाज वाटत होती. विसाव्यापर्यंत घसा दुखत होता. तिसाव्यानंतर असं वाटू लागलं की आपण मदत मागत नाही आहोत, एकेकाला काहीतरी देत चाललो आहोत, आणि माणसं ते घेऊन उठत आहेत. हे उलटं कसं, हा विचार त्यांनी नंतरसाठी ठेवला.

शेवटी डॉन रोसामेल.

“डॉन रोसामेल, तुमच्या बैलांशिवाय नाही निघायचं. याल का?”

डॉन रोसामेलांनी तोंडात दोन बोटं घालून शीळ मारली.

चॅपेलमागून बैल निघाले. एक जोडी, चार, आठ, अकरा. जू चढवलेले, दोर बांधलेले, शिंगांना फडकी. मागून माणसं पहारी घेऊन, फळ्या घेऊन. आणि दोन्या सुनिल्दांच्या परसातून धूर वर आला. तिथे खड्ड्यात दगड पहाटेपासून तापत होते. त्यांवर शिंपल्या, बटाटे, मांस, वर झाकायला नाल्का झुडपाची रुंद पानं, शेजारी हंड्यात रस्सा, सगळं तयार. रस्स्यातली मेंढी ओदिलियाची होती, हे डॉन एर्मेलिंदोंना बरंच नंतर कळलं.

“म्हणजे तुम्ही... बैल जुंपून बसला होतात?”

“पाच वाजल्यापासून,” कुणीतरी म्हणालं. “बैल पण कंटाळले हो. जरा लवकर अडकायचंत.”

मग दोराला हात लागले. किती लागले ते डॉन एर्मेलिंदोंनी मोजलं नाही, कारण त्यांतले दोन त्यांचे होते. डॉन रोसामेलांनी हाक दिली, आणि मागून बायकांनी चाल धरली:

घर चाललं गं बाई, चूल घेऊन पोटात,
भिंत पुसते भिंतीला, कोण ओढतंय वाटेत?
नको विचारू गं भिंती, दोर जाईल गं सैल,
पुढे चालतोय गाव, मागे चालतात बैल.

घर उठलं. चिखलाने त्याला पच्चकन मुका घेऊन सोडलं. दुधाची गाडी गेली, पाद्रीबाबा मात्र लग्न विसरून दोराला लागले. चार वाजता घर चॅपेलपाशी टेकलं, फक्त उलटं. पाठ समुद्राकडे. पुन्हा फिरवावं का, यावर वाद सुरू होणार, तोच ओदिलिया म्हणाली, “राहू दे. त्याचं तोंड पुष्कळ बघितलं.” आणि तिने हात वर करून चिरलेली तुळई चाचपली. चीर बोटभर होती. बापाने बांधलेल्या घरात बोटभर चीर चालते.

जेवणं सुरू झाली. आता डॉन एर्मेलिंदोंनी काय करायला हवं होतं? जेवायला हवं होतं. पण साठ वर्षांचा प्रश्न म्हणजे काय खरकटं आहे, की कुत्र्याला घालावं? ताट हातात घेऊन ते एकेकाशेजारी उकिडवे बसू लागले. “खरं सांगा. का आलात?”

“रश्शासाठी,” एक म्हातारबाबा म्हणाले. त्यांच्या तोंडात एकही दात नव्हता आणि ताटातला रस्सा तसाच होता.

“बैल लठ्ठ झालेत. व्यायाम हवा होता.”

“नसतो आलो तर बायकोने घरात घेतलं नसतं.” बायको शेजारीच होती. तिने चमकून बघितलं, कारण ती तीन दिवस माहेरी होती आणि सकाळीच परतली होती.

“तुमच्या कोंबड्या माझ्या बटाट्यांपासून लांब जाव्यात म्हणून,” दोन्या सुनिल्दा म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात स्वतःच्या ताटातला मोठा बटाटा टाकला.

डॉन एर्मेलिंदो चक्रावले. आयुष्यभर त्यांनी माणसांना स्वार्थ लपवून माया दाखवताना पाहिलं होतं, निदान तसा संशय घेतला होता. इथे एक्केचाळीस माणसं तोंडाला येईल तो स्वार्थ सांगत होती, आणि सांगताना लहान मुलासारखी खोटं बोलत होती. माया म्हणजे जणू मोज्याला पडलेलं भोक, पाय आखडून लपवायचं.

शेवटी ते डॉन रोसामेलांजवळ बसले. म्हातारा बैलांना चाऱ्याची पेंढी सोडत होता.

“आणि तुम्ही, डॉन रोसामेल? का आलात?”

डॉन रोसामेलांनी पेंढी सोडली, हात झटकले. “सांगतो. पण आधी तुम्ही सांगा.”

“मी?”

“या गावात मी एकोणीस घरं ओढली. त्यातली सात तुमच्या दारावरून गेली. प्रत्येक वेळी तुम्ही खिडकीत. कोट-टाय घालून. शनिवारी, रविवारी, केव्हाही. हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर. एकदाही खाली उतरला नाहीत. का?”

आसपासची तोंडं चघळायची थांबली. दोन्या सुनिल्दांनी मान वळवली. ओदिलियाचा डाव हंड्यावरच राहिला.

डॉन एर्मेलिंदोंकडे उत्तर तयार होतं, दोन होती. ऑफिस. पाठ. दोन्ही इतक्या वेळा वापरलेली की गुळगुळीत झालेली. त्यांनी तोंड उघडलं, आणि डॉन रोसामेल त्यांच्याकडे नुसते बघत राहिले, ओझं लागलेल्या बैलाकडे बघावं तसे, घाई न करता.

“मला कधी कुणी बोलावलंच नाही हो,” डॉन एर्मेलिंदो म्हणाले. “दर वेळी मी तयार होऊन बसायचो. तुम्ही शेजारच्या दारात यायचात, टोपी काढायचात, बोलायचात ते मला ऐकू यायचं. मग पावलं माझ्या दाराशी यायची, थांबायची, आणि पुढे जायची. कारकुनाला कसं बोलवायचं, असं वाटत असेल तुम्हाला. पण मी आलो असतो, डॉन रोसामेल. पाठ मोडली असती तरी आलो असतो.”